वेगळी चूल आणि चार इंग्रजी पुस्तके

घरात वाटणीचा शब्द एकदा उच्चारला गेला, की तो मागे घेता येतो का? आपल्या मराठी कथा-कादंबरीला हा प्रश्न नवा नाही. थोरल्याने भर पंगतीत वेगळी चूल मांडायचे बोलून टाकावे. मग कागद करायची वेळ आली की विहीर कोणाच्या वाट्याला, देव कोणाकडे, म्हातारी कोणाजवळ, असे एकेक प्रश्न उभे राहावेत. आणि बोलणाऱ्याच्याच मनात यावे की, नको ही वाटणी, पण आता माघार घेतली तर लोक काय म्हणतील? अशा कितीतरी गोष्टी आपण वाचल्या आहेत. काही वर्षांपूर्वी एका अख्ख्या देशावर ही पाळी आली. तो देश म्हणजे ब्रिटन, आणि ज्या एकत्र कुटुंबातून त्याला निघायचे होते ते म्हणजे युरोपीय संघ.

निघायचे ठरले होते, निघण्याची तारीखही लागली होती, आणि तरीही हा बेत सोडून द्यावा की काय, यावर तो देश तीन वर्षांहून अधिक काळ स्वतःशीच भांडत होता. या भांडणातून इंग्रजीत जे ललित लेखन झाले, त्यांपैकी चार पुस्तके मी शब्दकोश हाताशी ठेवून वाचली. राजकारणाच्या पंडितांनी या विषयावर पुष्कळ लिहिले आहे आणि त्यांच्या पंगतीत बसण्याचा माझा अधिकार नाही. पण कादंबरी बरी की वाईट हे ठरवताना तिच्यातील माणसांना न्याय मिळाला की नाही, एवढे तर कोणीही वाचक पाहतोच. या चार पुस्तकांत न्याय कोणाला मिळाला आणि कोणाला नाकारला गेला, हे पाहत गेले तर मूळ प्रश्नाचे उत्तरही हाती लागते, असे मला वाटते.

आधी हकीगत थोडक्यात सांगायला हवी. त्या वेळी या कुटुंबाला युरोपीय आर्थिक समुदाय म्हणत. ब्रिटन त्यात १ जानेवारी १९७३ रोजी शिरला. दोनच वर्षांनी, ५ जून १९७५ रोजी, राहायचे की नाही असे लोकांना विचारण्यात आले, तेव्हा शंभरांतील सदुसष्ट जण राहू म्हणाले. त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनी, २३ जून २०१६ रोजी, तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. या खेपेस १,७४,१०,७४२ लोकांनी निघण्याच्या बाजूने मत दिले आणि १,६१,४१,२४१ लोकांनी राहण्याच्या बाजूने. टक्केवारीत सांगायचे तर ५१.९ आणि ४८.१. इंग्लंड व वेल्स निघा म्हणाले. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड राहा म्हणाले.

मतपत्रिकेवर प्रश्न एका ओळीचा होता. निघायचे म्हणजे कसे, बाजारपेठेचा संबंध ठेवून की तोही तोडून, आयर्लंडच्या सीमेचे काय, यातले काहीच त्या ओळीत नव्हते. २९ मार्च २०१७ रोजी सरकारने संघाला रीतसर सूचना दिली आणि दोन वर्षांचे घड्याळ सुरू झाले. मग पंतप्रधान थेरेसा मे यांनी वाटणीचा जो मसुदा आणला तो १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी संसदेत फेटाळला गेला. तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. मधल्या काळात, १० डिसेंबर २०१८ रोजी, युरोपीय न्यायालयाने निकाल दिला होता की, ब्रिटनला ही सूचना एकतर्फी परत घेता येईल, इतर सभासदांची परवानगी लागणार नाही. म्हणजे दार उघडे होते. सूचना परत घ्यावी अशा मागणीच्या अर्जावर साठ लाखांहून अधिक लोकांनी नावे घातली. एवढे सगळे होऊनही ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला. हे असे का झाले? आकड्यांपेक्षा या पुस्तकांनी मला ते अधिक सांगितले. काहींनी आपल्या गुणांतून, काहींनी आपल्या दोषांतून.

दोषांचे पुस्तक आधी घेऊ. इयन मॅक्यूअन हे इंग्रजीतील आजचे मातब्बर कादंबरीकार. त्यांची 'द कॉक्रोच' ही छोटी कादंबरी २०१९ च्या सप्टेंबरात, म्हणजे भांडण अगदी टिपेला पोचले असताना आली. काफ्काच्या गोष्टीत माणूस सकाळी उठतो तो किडा होऊन. येथे उलट घडते. एक झुरळ सकाळी जागे होते ते ब्रिटनचे पंतप्रधान होऊन. मंत्रिमंडळातही बहुतेक झुरळेच शिरलेली आहेत. या सर्वांना एक आर्थिक योजना रेटायची आहे, ती पैशाचा प्रवाह उलटा करण्याची. कामगाराने काम केल्याबद्दल मालकाला पैसे द्यायचे, आणि दुकानातून माल नेला की दुकानदाराने गिऱ्हाइकाला! योजना वेडगळ आहे हे सर्वांना कळते, तरी 'लोकांनी सांगितले आहे' या एका वाक्याच्या जोरावर ती रेटली जाते. परदेशच्या एका थोर पाहुणीने, हे सारे कशासाठी, असे विचारले असता पंतप्रधानापाशी उत्तर नसते.

वाचताना हसू येते, हे कबूल केले पाहिजे. उपरोधावर मॅक्यूअन यांची पकड चांगली आहे, वाक्ये धारदार आहेत. पण पुस्तक मिटल्यावर मनात एक प्रश्न उरतो. मंत्री झुरळे आहेत हे ठीक. पुढाऱ्यांना झुरळ म्हणण्याचा हक्क लेखकाला जगात सर्वत्र असावा. परंतु ज्या पावणेदोन कोटी माणसांनी ते मत दिले, ती या पुस्तकात कोठे आहेत? ती दिसतच नाहीत. ती फक्त फसलेली आहेत असे गृहीत धरले आहे. त्यांच्या मताला काही कारण असेल, ते कारण चुकीचे असले तरी माणसाचे असेल, ही शंकाही लेखकाला शिवत नाही. शेजाऱ्याचे मन वळवायचे असेल तर त्याच्या घरात झुरळे झाली आहेत असे सांगून ते वळत नाही. बेत सोडावा असे म्हणणाऱ्या पक्षाची सगळी हुशारी आणि सगळी नादानी या शंभरएक पानांत एकत्र सापडते.

अ‍ॅली स्मिथ यांची 'ऑटम' ही वेगळ्या जातीची कादंबरी आहे. मतदान जूनमधले आणि पुस्तक ऑक्टोबर २०१६ मधले. चार महिन्यांत एवढी ताजी जखम कागदावर उतरवण्याचे धाडस त्यांनी केले. एलिझाबेथ ही बत्तीस वर्षांची कलेतिहासाची अध्यापिका. एकशे एक वर्षांचे डॅनिएल ग्लक हे तिचे बालपणीचे शेजारी, तिला चित्रे पाहायला शिकवणारे. आता ते एका शुश्रूषागृहात बहुतेक वेळ झोपेत असतात आणि ती त्यांच्या उशाशी बसून पुस्तक वाचते. एवढेच कथानक. पण भोवतालच्या देशाला काय झाले आहे ते बारीकसारीक गोष्टींतून कळत राहते. पासपोर्टचा अर्ज द्यायला ती पोस्टात जाते, तर फोटोतील डोक्याचे माप नियमात बसत नाही म्हणून कारकून अर्ज परत करतो. मला हा प्रसंग फार आवडला. आपण ज्या देशात जन्मलो, त्या देशाच्या मापात आपले डोके बसत नाही, हे तिचे दुःख लेखिकेने एका सरकारी खिडकीपाशी, हसत हसत सांगून टाकले आहे.

तिच्या आईच्या गावाशेजारी सार्वजनिक जमिनीवर विजेच्या तारांचे कुंपण उभे राहते. ते कशासाठी, कोणी सांगत नाही. एका घराच्या भिंतीवर कोणीतरी 'आपल्या घरी चालते व्हा' अशा अर्थाची अक्षरे रंगवतो, आणि काही दिवसांनी त्याखाली, आम्ही आमच्या घरीच आहोत, अशा अर्थाचे उत्तर दिसते. आई, जी आतापर्यंत टीव्हीवरच्या जुन्या वस्तूंच्या कार्यक्रमात रमणारी बाई, ती शेवटी जुन्या बाजारात मिळालेल्या वस्तू त्या कुंपणावर फेकून मारते. हे सारे सुंदर आहे. तरीपण माझी तक्रार येथेही थोडी शिल्लक राहतेच. दुसऱ्या पक्षाचा माणूस या कादंबरीत भिंतीवरची अक्षरे म्हणून येतो, कुंपणाचा पहारेकरी म्हणून येतो. तो खुर्चीवर बसून दोन वाक्ये बोलत नाही. लेखिकेने त्याला झुरळ केलेले नाही, पण घरातही घेतलेले नाही.

तो घरात येतो जोनाथन को यांच्या 'मिडल इंग्लंड' या कादंबरीत, आणि म्हणून या चौघांत मी तिला पहिला मान देते. २०१८ साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षीचे कोस्टा कादंबरी पारितोषिक तिला मिळाले. ट्रॉटर नावाच्या बर्मिंगहॅमच्या कुटुंबाची ही कथा. लेखकाच्या आधीच्या दोन कादंबऱ्यांतही हे कुटुंब येऊन गेले आहे. कथा २०१० पासून २०१८ पर्यंत चालते. मध्ये २०१२ च्या ऑलिम्पिकचा उद्घाटनसोहळा येतो. एकमेकांशी न पटणारी सगळी माणसे आपापल्या घरी टीव्हीपुढे बसून तो एकच सोहळा पाहत आहेत, आणि त्या रात्रीपुरता देश एक आहे, असा तो प्रसंग आहे. पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक असते, म्हणून तो अधिकच लागतो.

या कादंबरीत कॉलिन हा म्हातारा बाप आहे. त्याचे आयुष्य लाँगब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात गेले. हा कारखाना खराखुरा होता, एम. जी. रोव्हर ही कंपनी एप्रिल २००५ मध्ये बुडाली तेव्हा तेथील सुमारे सहा हजार माणसे एका फटक्यात बेकार झाली. मुलगा बेंजामिन बापाला ती जागा दाखवायला नेतो. कारखाना गेला आहे, त्या जागी दुकाने उठली आहेत. म्हाताऱ्याला ते समजतच नाही. त्याची शंका साधी असते: कारखाना काढून दुकाने घातली, तर त्या दुकानांत खर्चायला माणसांनी पैसे कोठून आणायचे? मुलगा शिकलेला आहे, लेखक आहे. पण त्याच्याजवळ उत्तर नाही.

वाचकहो, साऱ्या वादात निघणाऱ्या पक्षाचे सर्वोत्तम वाक्य कोणते असे मला कोणी विचारले तर मी या म्हाताऱ्याच्या शंकेकडे बोट दाखवीन. तिचा युरोपशी संबंध किती, हा प्रश्न निराळा. कारखाना ब्रसेल्सने बुडवला नव्हता. पण चाळीस वर्षे ज्याला कोणी काही विचारले नाही, त्याच्या हाती एके दिवशी तुम्ही मतपत्रिका देता आणि तिच्यावर राहायचे की निघायचे एवढेच विचारलेले असते. तेव्हा तो मनात साठलेल्या सगळ्या प्रश्नांचे उत्तर त्या एकाच चौकोनात देणार. को स्वतः राहण्याच्या पक्षाचे आहेत, हे पुस्तकातून लपत नाही. तरी त्यांनी आपल्या विरोधकाला हे वाक्य दिले. कादंबरीकाराच्या प्रामाणिकपणाची परीक्षा मी येथेच करते. आपल्या बाजूच्या पात्राच्या तोंडी चांगले संवाद कोणीही घालतो; समोरच्याला त्याच्या आयुष्यातले सर्वांत चांगले वाक्य बोलू देणे अवघड असते.

को यांनी विरोधकाला झुकते माप दिले आहे असे मात्र नव्हे. बेंजामिनची भाची सोफी ही विद्यापीठात शिकवणारी. तिचा नवरा इयन हा वेगाने मोटार हाकणाऱ्यांचे वर्ग घेणारा शिक्षक. त्याची बढती हुकते आणि ती नाहीद नावाच्या सहकारिणीला मिळते. त्याची आई हेलेना हिच्या मनात त्यातून जी अढी बसते, ती लेखकाने नेमकी पकडली आहे. हेलेनाच्या घरी ग्रेटा नावाची लिथुआनियाची बाई काम करायला येते. तिला भर रस्त्यात एक माणूस अपमान करून त्रास देतो. हेलेना हे डोळ्यांनी पाहते, पण साक्ष द्यायला नकार देते. वर, तुम्ही नवराबायकोने आपल्या देशी परत जावे हे बरे, असा सल्ला देते. आवाज न चढवता, सभ्यपणे! ही बाई राक्षसीण नाही. फुलांची, शेजाराची, जुन्या रीतीभातींची तिला आवड आहे. अशी बाई अशी का वागते, हे पाहताना वाचकाला आपल्या ओळखीची चार माणसे आठवल्यावाचून राहत नाहीत.

मतदानानंतर सोफी आणि इयन यांचा संसार मोडायला येतो. दोघे समुपदेशक बाईकडे जातात. दुसऱ्याच्या मताचा एवढा राग का आला, असे ती विचारते. सोफी म्हणते, तो मला वाटला तेवढ्या मोकळ्या मनाचा नाही असे कळले. तो म्हणतो, ही आपल्याच कोषात राहते असे कळले. बाईच्या ध्यानात येते की, दोघांपैकी एकानेही युरोपचे नाव काढले नाही. मला वाटते, त्या देशातील सगळ्या भाषणांपेक्षा या प्रसंगात अधिक सत्य आहे. घरात जेव्हा वाटणीचे भांडण होते तेव्हा ते क्वचितच जमिनीचे असते. मला कधी मोजले नाही, माझ्या बायकोला तिसऱ्या पंगतीला बसवले, हे त्यामागचे दुखणे असते. तलाठ्याचा उतारा पुढे करून ते बरे होत नाही. आणि बेत सोडा म्हणणारे लोक तीन वर्षे उतारेच पुढे करत होते: व्यापार एवढा घटेल, पौंड एवढा पडेल. हिशेब पुष्कळसे बरोबरही असतील. पण ऐकणाऱ्याचे दुखणे निराळे होते.

चौथे पुस्तक अँथनी कार्टराइट यांचे 'द कट'. हे एका लहान प्रकाशनसंस्थेने मतदानानंतर मुद्दाम लिहवून घेतले आणि २०१७ मध्ये काढले. डडली हे मध्य इंग्लंडातील जुन्या कारखान्यांचे गाव. तेथे शंभरांतील सुमारे अडुसष्ट जणांनी निघण्याचे मत दिले होते. कैरो ज्यूक्स हा तेथला मजूर, एके काळचा मुष्टियोद्धा. ग्रेस ही लंडनची बाई, माहितीपट करण्यासाठी कॅमेरा घेऊन आलेली. मतदानापूर्वीची आणि मतदानानंतरची प्रकरणे आलटून पालटून येतात. दोघांमध्ये ओढही आहे आणि दरीही आहे. ग्रेस वाईट नाही. तिला खरोखरच ऐकायचे आहे. पण ऐकणारी ती आणि ऐकवणारा तो. प्रश्न तिचे आणि उत्तरे त्याची. आणि त्या उत्तरांचे पुढे काय करायचे, हेही तीच ठरवणार. कादंबरी म्हणून हे पुस्तक काही जागी कच्चे आहे, पात्रांपेक्षा प्रबंध पुढे धावतो. तरी हे नाते मनात राहते.

येथे मला स्वतःविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. त्या मतदानाची छाननी करणाऱ्यांना असे आढळले की, पदवीधरांपैकी बरेचसे लोक राहण्याच्या बाजूचे होते, आणि ज्यांचे शिक्षण शाळेपाशी थांबले त्यांच्यातले बरेचसे निघण्याच्या बाजूचे. यावरून, अडाण्यांनी देश बुडवला, असा सूर पुष्कळ शिकलेल्या लोकांनी लावला. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे शिकलेली नाही. मुलांना शिकवते, कादंबऱ्या लिहिते. पण नावापुढे पदवी नाही, आणि ती नसलेल्या माणसाच्या मताचे वजन सभेत कसे केले जाते हे मला नीट ठाऊक आहे. वाक्य पुरे व्हायच्या आत समोरच्याच्या चेहऱ्यावर एक दयाळू हसू येते. त्या हसण्याला उत्तर देण्याची एकच गुप्त संधी मिळाली तर माणूस काय करील? मी असते तर राहण्याच्याच बाजूने मत दिले असते, कारण शेजाऱ्यांशी चाललेला संसार मोडण्यात मला शहाणपण दिसत नाही. पण कैरोचा हात कोणत्या चौकोनाकडे गेला असेल आणि का, हे मला समजावून सांगावे लागत नाही. मॅक्यूअन यांना ते समजून घ्यावेसे वाटले नाही, एवढीच माझी त्यांच्यावर टीका आहे.

आता मूळ प्रश्न. देशाने हा बेत सोडून द्यायला हवा होता का? माझे उत्तर असे: सोडायला काहीच हरकत नव्हती, पण पुन्हा विचारून. मसुदा हाती आल्यानंतर, वाटणीचा कागद स्पष्ट दिसल्यानंतर, 'आता हे पाहून सांगा' असे म्हणण्यात कोणाचाही अपमान नव्हता. लग्न ठरवतानासुद्धा आपण आधी फोटो पाहतो आणि मग माणूस पाहतो, आणि माणूस पाहून नकार दिला तर त्याला कोणी वचनभंग म्हणत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हवे ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचे, ही युरोपची जुनी खोड आहे, असे निघणारे म्हणत. त्यात तथ्य होते. डेन्मार्कने १९९२ साली मास्ट्रिक्टच्या कराराला नकार दिला, तर १९९३ मध्ये पुन्हा मत घेऊन होकार मिळवला. आयर्लंडने २००१ आणि २००८ या दोन्ही वेळी नकार दिला, आणि दोन्ही वेळा पुढच्या वर्षी पुन्हा विचारणा झाली. पण निघणाऱ्यांनी तरी १९७५ चा कौल कोठे अंतिम मानला होता? त्यांनी एक्केचाळीस वर्षे धीर धरून पुन्हा विचारायला लावले, आणि ते त्यांच्या हक्काचेच होते. मत बदलण्याचा हक्क एकाच बाजूला देता येत नाही.

न विचारता बेत मोडणे मात्र सर्वस्वी निराळे. २०१९ च्या निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट पक्षाने जाहीर केले की, आम्हाला बहुमत मिळाले तर नवे मतदान न घेताच सूचना परत घेऊ. १२ डिसेंबरच्या मतदानाचा निकाल लागला तेव्हा त्यांना अकरा जागा मिळाल्या आणि पक्षाच्या नेत्या जो स्विन्सन स्वतःच पडल्या. 'ब्रेक्झिट उरकून टाका' म्हणणाऱ्या हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या. त्या पराभवाची कारणे अनेक असतील. तरी त्या घोषणेत मला झुरळाच्या गोष्टीचीच वृत्ती दिसते: तुम्ही जे बोललात ते आम्ही ऐकलेच नाही असे धरून चालू.

या चारही पुस्तकांत दोन उणिवा मला जाणवल्या. एक म्हणजे आयर्लंड. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडचे प्रजासत्ताक यांच्यामध्ये सुमारे पाचशे किलोमीटरची सीमा आहे. तेथील रक्तपाताला १० एप्रिल १९९८ च्या कराराने आळा बसला, आणि पुढे त्या सीमेवरच्या चौक्या नाहीशा झाल्या. दोन्ही देश एकाच संघात असल्यामुळे ते सोपे गेले. वाटणीचा कागद जेथे अडला तो येथेच. विहीर कोणाची, हा प्रश्न तो हाच. या चार लेखकांच्या पुस्तकांत त्याला म्हणावी तशी जागा नाही. थोरल्याला वेगळे निघताना धाकट्याच्या अंगणाची आठवण राहत नाही, ती अशी.

दुसरी उणीव आपल्या जवळची आहे. इंग्लंडात स्विंडन नावाचे शहर आहे, तेथे आपले गोमंतकीय मोठ्या संख्येने राहतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, पोर्तुगीज अंमलात, गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते. ते घेतले की भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, पण युरोपीय संघाचा माणूस म्हणून ब्रिटनमध्ये राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळत असे. साळगाव-मडगावकडच्या घरांतून निघालेली माणसे लिस्बनच्या कागदावर विलायतेत नांदू लागली, ती या वाटेने. त्याच स्विंडनने बहुमताने निघण्याच्या बाजूने मत दिले. २०२० अखेरपर्यंत तेथे राहत असलेल्यांना अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवता आला. नव्याने जाणाऱ्यांसाठी ती वाट बंद झाली. एक देश सोडला, दुसऱ्याचा कागद घेतला, तिसऱ्यात घर केले, आणि त्या तिसऱ्याने एका रात्रीत नियम बदलला. यात केवढी कादंबरी आहे! ती इंग्रजाने लिहिली नाही. कोकणी-मराठीत कोणी लिहील तर बरे.

गोव्याचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांना विचारले होते की, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे केंद्रशासित राहायचे? वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७०. प्रश्न भाषेचा, देवाधर्माचा, घराण्यांचा, भावना पराकोटीच्या. विलीनीकरणाचा पक्ष होता दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष. तो हरला. पण दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा त्याच गोव्याने बांदोडकरांनाच पुन्हा मुख्यमंत्री केले! लोकांनी दोन प्रश्न वेगळे ओळखले आणि दोन वेगळी उत्तरे दिली. ज्याचे एक मत नाकारले त्याला माणूस म्हणून नाकारले नाही. ब्रिटनमध्ये नेमके हेच जमले नाही. तेथे एका चौकोनातली फुली ही माणसाची जात होऊन बसली, आणि मग ती बदलणे म्हणजे जात बदलणे झाले. अशा वेळी बेत सोडा असे कोणी कितीही पुराव्यानिशी सांगितले तरी ऐकणारा ऐकत नाही.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. अलीकडच्या वर्षांतील जनमत चाचण्यांत, निघालो ही चूक झाली, असे म्हणणारे अधिक भरतात. तरीही २०२४ च्या जुलैत मजूर पक्ष सत्तेवर आला तो, संघाच्या सामायिक बाजारपेठेत वा जकातसंघात परत जाणार नाही, असे जाहीरनाम्यात लिहूनच. लोकांचे मन फिरले असले तरी पुन्हा प्रश्न विचारण्याची छाती कोणाला होत नाही. पहिल्या भांडणाच्या जखमेची खपली निघेल, ही भीती.

येथे राजकारण थांबते आणि कादंबरीचे काम सुरू होते, असे मला वाटते. 'मिडल इंग्लंड'च्या अखेरीस सोफी आणि इयन पुन्हा एकत्र येतात, त्यांना मूल होणार असते. कोणी म्हणेल, हा शेवट गोड करून घेतला आहे. मला तसे वाटत नाही. दोघांपैकी कोणीही आपले मत बदललेले नाही. फक्त दुसऱ्याच्या मतामागचा माणूस त्यांना पुन्हा दिसू लागला आहे. या दिवाळीत ज्यांच्या घरी पाहुण्यांमुळे पंगत मोठी असेल आणि पंगतीत एखादा वाद रंगण्याची भीती असेल, त्यांनी ही कादंबरी जरूर मिळवून वाचावी. इंग्रजी वाचता येत नसेल तर कोणी मराठीत आणीपर्यंत वाट पाहावी. 'द कॉक्रोच' वाचली नाही तरी चालेल.